बिल कोणाला लावायचं?

भिलाईत माणसाची ओळख नावाने होत नाही, शॉपने होते. ‘कौन से शॉप में हो?’ असं कोणी विचारलं की कोक ओव्हन, प्लेट मिल, रेल मिल असलं काहीतरी सांगावं लागतं. 1959 साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून इथल्या सेक्टरांतला चहासुद्धा शिफ्ट बघून उकळतो. अशा गावात ‘मी कोणाच्या नोकरीत नाही’ म्हटलं की समोरचा सांत्वनाच्या तयारीला लागतो. त्यात मी पुस्तक लिहायला घेतल्याचं कळल्यावर शेजारच्या काकूंनी हिला बाजूला घेऊन विचारलं, “तब्येत बरी आहे ना त्यांची?”

तब्येत ठणठणीत आहे. औद्योगिक क्षेत्रातल्या लहान रोलिंग मिलमध्ये मोटर आणि गिअरबॉक्स एका रेषेत बसवून देणं हा माझा धंदा, आणि पुस्तकही त्याच विषयावर. नोकरीत असतो तर साहेबांनी ‘कशाला?’ म्हणून अडवलं असतं, नाहीतर ‘कधी?’ म्हणून पिडलं तरी असतं. स्वतंत्र धंद्यात या दोन्ही सोयी नाहीत. मिलच्या कामाचं बिल 18 टक्के जीएसटीसकट लावता येतं. दुसऱ्या प्रकरणाच्या चौथ्या परिच्छेदाचं कोणाला लावणार? म्हणून फोन वाजला की वही मिटते.

सुरुवात मात्र झोकात झाली. अनुक्रमणिका एका बैठकीत उरकली. तिच्याइतका सुखाचा लेखनप्रकार दुसरा नाही. सगळं येतं आणि काहीच लिहावं लागत नाही. मग ऋणनिर्देश. मग आकृत्यांखाली कोणतं देवनागरी अक्षर शोभेल यात बरेच दिवस गेले. घरून टोमणे सुरू झाले तेव्हा मी डोनाल्ड क्नूथला पुढे केलं. संगणकशास्त्रातल्या या थोर गृहस्थाने 1962 साली एक पुस्तक लिहायला घेतलं, त्याचे खंडावर खंड झाले. 1970च्या दशकात एका खंडाच्या नव्या आवृत्तीची छपाई मनास येईना, तर पठ्ठ्याने पुस्तक बाजूला सारून अक्षरजुळणीची ‘टेक’ ही स्वतःची प्रणालीच रचली. पुस्तक अजून चालूच आहे.

“त्यांना विद्यापीठाचा पगार होता,” ही म्हणाली.

मग बिनपगारी उदाहरण म्हणून श्रीधर व्यंकटेश केतकर काढले. कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले आणि 23 खंड पुरे करून दाखवले. मलाही घरात एक भागधारक मिळण्याजोगा होता. तिने अनुक्रमणिका वाचून नकार कळवला.

गाडं हललं ते एका मिलमध्ये. मोटरच्या चार पायांपैकी एखादा बैठकीवर नीट टेकलेला नसतो, लंगड्या पाटासारखा. बोल्ट आवळला की तो टेकतो खरा, पण मोटरचं अंग पिळवटतं, कितीही जुळवलेली रेष बिघडते आणि पुढे बेअरिंग जातं. यावर मी सूत्रांसकट दोन पानं लिहिली होती. तिथला उस्ताद फिटर म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून आणि मूठ कानाला लावून आजार सांगणारा माणूस. त्याने पानं उलटसुलट पाहिली, परत दिली आणि पायावर डायल गेज लावला. “एक-एक बोल्ट ढीला करो साहब. सुई हिली तो पैर झूठा.” पहिले तीन पाय खरे निघाले. चौथ्याचा बोल्ट सैल करताच सुई टुणकन वर गेली. दोन थाऊच्या, म्हणजे 0.05 मिलिमीटरच्या वर गेली की पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्री, घालायची, पण आधी खालचा गंज आणि रंग खरवडून. खरवडल्यावर सुई निम्मी उतरली. शिम पातळच लागली.

दोन पानं गेली, त्याचं वाक्य राहिलं. तेव्हापासून मी मिलमधून परतल्यावरच लिहितो, आणि प्रकरणं बारीक होत चालली आहेत. उस्तादच्या अटी वाढताहेत त्या वेगळ्याच: पुस्तक खिशात मावलं पाहिजे, ग्रीसचा हात लागला तर पान पुसता आलं पाहिजे, आकृती चष्म्याविना दिसली पाहिजे. परवा त्याने ऋणनिर्देश पाहिला. त्यात स्वतःचं नाव वाचून लाजला, आणि म्हणाला, “ये निकाल दो साहब, इतनी जगह में एक फोटो और आ जाएगा.”

अनुक्रमणिका सोडली तर पुस्तकातला पुरा झालेला तेवढाच भाग होता.