आवाज कुणाचा?

छत्रपती संभाजीनगरला माणसं येतात ती वेरूळ, बीबीचा मकबरा, देवगिरीचा किल्ला असलं काहीतरी पाहायला. आमच्या दाजींना यातल्या कशाशीच कर्तव्य नाही. जन्म सिल्लोड तालुक्यातला, अजिंठा उशाशी. पण लेणी पाहिली ती शाळेच्या सहलीत, आणि त्यातलं लक्षात राहिलं ते माकडानं हातातून पळवलेली पोळी. सध्या त्यांच्या लेखी संभाजीनगरात प्रेक्षणीय स्थळ एकच : ट्रकच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

ट्रक नवा, वॉरंटीतला. हप्तेही नवेच. दाजी स्वतः चालवतात. जाताना सिल्लोडचा मका नाहीतर मिरची, येताना सिमेंट नाहीतर खत. बऱ्यापैकी चाललं होतं, तेवढ्यात आवाज सुरू झाला. ट्रकला आवाज येतो ही तक्रार मला प्रथम नीट कळलीच नाही. आवाज न करणारा ट्रक मी पाहिलेला नाही.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "इंजिनाचा आवाज येगळा आन् इंजिनातला आवाज येगळा."

यापुढे मी काय बोलणार? मी पेपरात अधूनमधून लिहितो, तेव्हा माझ्या शब्दाला शहरात वजन असणार अशी त्यांची समजूत. ती मोडण्याचं काम माझ्या बहिणीनं मनावर घेतलं नाही, म्हणून एका सकाळी मी त्या केबिनमध्ये चढलो.

खरं पाहता दोष रस्त्याचा. सिल्लोड-संभाजीनगर रस्ता रुंदीकरणासाठी खोदला आणि वर्षानुवर्षं तसाच पडला. त्या काळात अजिंठ्याहून परतणारा परदेशी पाहुणा पद्मपाणीबद्दल कमी आणि खड्ड्यांबद्दल जास्त बोलायचा. त्या रस्त्यावर गाडीतला कुठलाही सुटा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. अख्खी गाडीच वाजायची. मग रस्ता सिमेंटचा झाला आणि घराघरांत भांडणं लागावीत तसे ट्रकांचे आतले आवाज बाहेर यायला लागले.

दाजींचा आवाज मात्र शिस्तीचा होता. गाडी भरलेली असेल, चढ असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जोर लागत असेल, तरच तो यायचा : चिक्चिक्-फुस्, चिक्चिक्-फुस्. फुलंब्री सोडलं तेव्हा दाजींनी मला बजावलं, "कान द्या आता." मी कान दिला. ट्रक रिकामा होता. चौक्याचा घाट सावंगीकडे उतरताना तर त्यानं असं काही मौन धरलं की दाजींनी दोनदा खिडकीबाहेर डोकं काढून इंजिन चालू असल्याची खात्री करून घेतली. शहरात दिवसा ट्रकला मज्जाव, म्हणून सावंगीहून बायपासनं केंब्रिज चौकात आलो. तिथून कुठे वळलो ते सांगत नाही. सांगितलं तर डीलरचं नाव छापल्यासारखंच होईल.

सर्व्हिस सेंटर मात्र देखणं. काचेचं दार, गार हवा, कॉफीचं यंत्र. ट्रकवाले त्या गुळगुळीत फरशीवर चपला हातात घ्याव्यात की पायात ठेवाव्यात या विचारात दाराशी घुटमळत होते. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणजे विशीतला एक गोड पोरगा. त्यानं टॅब उघडला.

"बोला सर, कम्प्लेंट काय?"

"आवाज येतोय."

"कुठून?"

"इंजिनातून."

"आत्ता येतोय?"

दाजींनी गाडी चालू केली. ती अशी गोड गुरगुरली की मलाच शरम वाटली. पोरानं तोंडभर हसून लॅपटॉप जोडला. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-सहा आलं. तेव्हापासून ट्रकमध्ये सेन्सर इतके झाले आहेत की धुराच्या नळकांड्यात काय चाललंय तेही पडद्यावर दिसतं. "बघा सर, एकही एरर कोड नाही. बीएस-सिक्समध्ये एवढा आवाज नॉर्मल आहे."

लॅपटॉपला कान नसतात, हे त्याला कोण सांगणार? तापमान, दाब, युरियाची पातळी, सगळ्याला कोड आहे; चिक्चिक्-फुसला नाही. दाजींनी तोंडानं आवाज काढून दाखवला. हुबेहूब काढला. काउंटरवरची दोन माणसं वळून बघायला लागली. पोरगा गंभीरपणे म्हणाला, "सर, हा तर टॅपेटचा वाटतो," आणि लगेच सावरून, "पण नॉर्मल आहे."

मग त्याची नजर ट्रकभर फिरू लागली. ही नजर मी ओळखतो. लग्नात देण्याघेण्यात खोट काढायला आलेल्या मामांची असते. जादा हॉर्न कुणी बसवला? वायर कुठून घेतली? ऑइल आमच्याकडेच बदललं ना, वेळेवर? गाडी ओव्हरलोड चालते का? वॉरंटीचं पुस्तक वाचलं तर कळतं की तिच्यात काय बसतं यापेक्षा काय बसत नाही याचीच पानं जास्त आहेत. दाजींनी बाकी सगळ्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून समोर ठेवल्या. पोरगा जरा हिरमुसला. जॉब कार्डावर त्यानं लिहिलं : 'जनरल चेकअप'. "चार वाजता या."

चार वाजेपर्यंत करायचं काय? रिक्षा केली आणि पाणचक्कीला गेलो. माणूस ट्रकच्या कामाला आला तरी प्रवासवर्णन म्हणून काहीतरी हाती लागलं पाहिजे. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. दूरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून पाडायचं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवून फकिरांसाठी दळण दळायचं, अशी ती योजना. दाजी कठड्याशी वाकून बराच वेळ ऐकत राहिले. डिझेल नाही, युरिया नाही, एरर कोड नाही. "ह्याची वारंटी किती वर्षांची व्हती?" त्यांनी विचारलं. तिथल्या गाइडनं बहुधा हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला असावा.

जेवायला शहागंजच्या बाजूला. माझा डोळा नान-खलियावर होता. हा पदार्थ महंमद तुघलकाच्या फौजेबरोबर इकडे आला असं सांगतात. दाजी माळकरी, त्यांनी दुसऱ्या हॉटेलात खिचडी खाल्ली आणि वर गुलमंडीची इमरती. तुघलकाचा विषय निघालाच म्हणून सांगतो : 1327 च्या सुमारास त्यानं दिल्लीची राजधानी दौलताबादेला हलवली आणि काही वर्षांनी परत दिल्लीला नेली. इतिहासकार त्याला काहीही म्हणोत, वॉरंटी क्लेम करणाऱ्यांनी त्याचा फोटो गाडीत लावायला हवा. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे माणसं फिरवण्याचं शास्त्र त्याच्यापासून सुरू होतं.

चार वाजता ट्रक मिळाला. धुऊन मिळाला. कुठल्याही रोगावर वर्कशॉपचा पहिला उपचार आंघोळ. संध्याकाळी सिमेंट भरून चौक्याचा घाट चढायला लागलो आणि पहिल्या वळणावर चिक्चिक्-फुस्. धुतल्यामुळे आवाज अधिकच स्वच्छ येत होता. दाजींनी मला मोबाइलवर तो टिपायला लावलं आणि पोराला पाठवला. उत्तर आलं : 'सर, मोबाइलच्या माइकचा आवाज असेल.'

आता या शहराची गंमत अशी, की इथे इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस सापडत नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला; त्याच्या मागोमाग एन्ड्युरन्स, व्हॅरॉक वाढल्या; 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. घरटी एक माणूस कुठल्यातरी गाडीचा कुठलातरी भाग बनवतो. पुढच्या खेपेला चहाच्या टपरीवर दाजींनी नुसतं तोंडानं चिक्चिक्-फुस् केलं आणि वाळूजची अख्खी शिफ्ट निदानाला बसली. जो ज्या लाइनवर काम करतो त्याला तोच भाग गेलेला दिसत होता. बेअरिंगवाला बेअरिंग म्हणाला, पंपवाला पंप. पेंट शॉपमधल्या एकानं सांगितलं की असा आवाज काळ्या रंगाच्या गाड्यांना जास्त येतो.

शेवटी एका गॅरेजचा म्हातारा मिस्त्री भेटला. त्यानं लांब पेचकसाचा दांडा कानाला लावला, टोक इंजिनावर इथे-तिथे टेकवलं आणि टर्बोजवळ वाकून बॅटरी मारली.

"ये देखो भाई, काला पड्या. मॅनिफोल्ड का पॅकिंग फूक मार रा. लोड आया के दाब बढ्या, दाब बढ्या के आवाज."

"मंग बदलून टाका की, मामू."

"नक्को. मैं हात लगाया तो वारंटी जाती तुम्हारी. उनकूच करने दो." पैसेही घेतले नाहीत. जाणकार माणूस काय झालंय ते सांगतो आणि हात लावत नाही. ज्यांनी हात लावायचा ते काय झालंय ते ऐकत नाहीत. वॉरंटी ही वस्तू या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहते.

म्हणून पुढे आम्ही पवित्रा बदलला. मका भरलेला ट्रक जाधववाडीच्या मोंढ्यात रिकामा न करता तसाच सर्व्हिस सेंटरला नेला. पोरगा म्हणाला, "सर, ओव्हरलोड असेल." दाजींनी वजनकाट्याची पावती पुढे केली. 2018 मध्ये दोन आसांच्या ट्रकचं मालासकट वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांपर्यंत वाढवायची मुभा मिळाली. आमचं त्याच्या आत होतं. मी एक अर्ज लिहून आणला होता, तो दिला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 असं सांगतो की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहकाचं संरक्षण नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या धंद्यात धरत नाहीत. म्हणजे एकच ट्रक घेऊन तो स्वतः चालवणारे दाजी कायद्यानं ग्राहकच. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात चालते, हे वाक्य मी मुद्दाम ठळक केलं होतं. अर्जाची पोच मागितली तेव्हा कॉफीच्या यंत्रातली पहिली कॉफी आम्हाला मिळाली.

मग निघाली वरात. स्टिअरिंगवर दाजी, शेजारी मी, माझ्या शेजारी इस्त्रीच्या शर्टातला पोरगा, आणि खिडकीशी वर्कशॉपचे हेड मेकॅनिक. हे निवृत्तीला आलेले गृहस्थ वाटभर एक शब्द बोलले नाहीत. सावंगी मागे पडली. घाट लागला. ट्रक गप्प! दाजींच्या कपाळावर घाम. मी पाणचक्कीच्या बाबांना नवस बोलून टाकला. दाजींनी गिअर खाली घेतला, पाय दाबला आणि अखेर कंठ फुटला : चिक्चिक्-फुस्!

"सर, एवढा नॉर्मल..." पोरगा सुरू झाला.

"गप रे," हेड मेकॅनिक म्हणाले. "पॅकिंग गेलंय."

दाजींनी भर घाटात त्यांना नमस्कार केला. स्टिअरिंग सोडून केला, तेवढं मात्र टाळायला हवं होतं.

यानंतरचं लांबण लावत नाही. फोटो काढले, क्लेम वर गेला, वरून प्रश्न खाली आले, उत्तरं वर गेली. तुघलक आठवावा असंच सगळं. पार्ट यायला वेळ लागला, आल्यावर कामाला अर्धा दिवसही लागला नाही. बोल्ट उघडले, जळकं पॅकिंग काढलं, नवं बसवलं. बिलावर ग्राहकानं देय रक्कम शून्य. दाजींनी ते बिल घरी देव्हाऱ्याशेजारी लावलंय, आणि बहीण म्हणते की रोज त्याला उदबत्ती मिळते.

तुमची गाडी वॉरंटीत असेल आणि आवाज येत असेल, तर एवढं करा. जॉब कार्डावर 'जनरल चेकअप' लिहू देऊ नका; आवाज कधी, किती वजनावर, कुठल्या चढाला येतो ते तुमच्या शब्दांत लिहून घ्या, मगच सही करा. काढलेला जुना पार्ट डोळ्यांनी पाहा. कुणी ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915. आणि गाडी रिकामी नेऊ नका.