नारिंगी जॅकेटवाल्या साहेबांस अनावृत पत्र

श्री. नारिंगी जॅकेटवाले साहेब यांस,
स. न. वि. वि.

मायन्यात आपलं शुभनाम घालता आलं नाही, क्षमा असावी. आपण ते सांगितलंच नाहीत. फेब्रुवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात गुलमर्गच्या शिकाऊ उतारावर आपली गाठ पडली आणि मी बर्फातून उठून गॉगल पुसेपर्यंत आपण तळाशी पोहोचलाही होतात. पत्ता ठाऊक नाही, म्हणून पत्र उघडंच धाडते आहे. मराठीत लिहायचं कारण आपल्याला माहीत आहे. माझ्या अंगावर येताना आपण ओरडलात, "ओ मावशी, बाजूला!"

त्या हाकेबद्दल आपले मनापासून आभार. आपण ओरडला नसतात तर मला स्की शिकवणाऱ्या मास्तरांना मान वर करायला तेवढा अर्धा सेकंदही मिळाला नसता. तो मिळाला, म्हणून मी आज पुण्यात घरी बसून, दोन्ही गुडघे शाबूत ठेवून, हे पत्र लिहू शकते.

आपल्याला मी सकाळपासून ओळखत होते, हे आपल्या लक्षात आलं नसेल. ड्रॅग लिफ्टच्या रांगेत आपण माझ्या पुढे होतात. खरं तर मागे होतात, नंतर पुढे आलात. आपण फोनवर कुणाला तरी सांगत होतात की मास्तर वगैरे लावण्यात पैसे घालवायची काही गरज नाही, व्हिडिओ बघितले आहेत, चार दिवसांत स्नोबोर्ड हातात येतो. आपला आत्मविश्वास पाहून मला आपला हेवा वाटला होता. बावन्नाव्या वर्षी स्की शिकायला आलेल्या बाईला तो सहाव्या दिवशीही आलेला नव्हता.

दुपारी आपण उताराच्या ऐन मधोमध बसून व्हिडिओ काढलात. तो मनासारखा झाला नाही म्हणून बोर्ड काखेत मारून, त्याच उताराच्या मध्यावरून, बूट रोवत वर चढलात आणि पुन्हा काढलात. चढायचं झालं तर कडेने चढतात, साहेब. मऊ बर्फात बुटाचा जो खड्डा पडतो तो संध्याकाळी गोठतो, आणि सकाळी त्याची कड विटेसारखी टणक झालेली असते. त्यात नवशिक्याच्या स्कीचं टोक अडकलं की मुरगळतो तो गुडघा. दुसऱ्या दिवशी सकाळी काश्मिरी फेरन घातलेला एक म्हातारा फावडं घेऊन आपल्या पावलांचे खड्डे एकेक करून बुजवत होता. आपली पावलं मोठी होती. त्याला बराच वेळ लागला.

आता मूळ प्रसंग. आपण फार घाईत होतात, तेव्हा आपल्याला तो नीट दिसला नसणार, सविस्तर सांगते.

मी उताराच्या उजव्या अंगाला होते. स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, पायांची पाचर करून, गोगलगायीच्या वेगाने उतरत होते. मास्तर माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून, उलटे घसरत होते. त्यांच्या पोलची टोकं माझ्या हातात होती. "मॅडमजी, स्की को मत देखो, मुझे देखो," असं ते सहा दिवस सांगत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी खरोखर स्कीकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. म्हणून त्यांच्या चेहऱ्यात झालेला बदल मला दिसला. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून वर गेली. त्यांनी पोल सोडले, पुढे झेप घेतली आणि दोन्ही तळहातांनी मला ढकलून दिलं. मी कुशीवर पडले. मग लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला.

वर पाहिलं तर आपण गुडघ्यांवर होतात आणि मास्तर पाच-सहा हात खाली पालथे पडले होते. त्यांच्या एका पायाची स्की सुटून बाजूला, तिच्या ब्रेकचे दोन दात बर्फात रुतलेले. डाव्या हाताने त्यांनी उजवा खांदा धरला होता. हासळीचं हाड मोडलं की माणूस तो हात पोटाशी घट्ट धरून ठेवतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आपण उठलात. बोर्डाची खालची बाजू तपासलीत. हेल्मेटवरचा कॅमेरा चाचपून पाहिलात. मग आमच्याकडे वळून "ऑल ओके?" असं विचारलंत. विचारलंत, याबद्दलही आभार. पुष्कळ जण तेवढंही विचारत नाहीत असं नंतर कळलं. फक्त उत्तराला थांबला असतात तर बरं झालं असतं. उत्तर ‘नाही’ असं होतं.

बोर्डवर माणूस आडवा उभा असतो, एका बाजूला पाठ असते, त्या बाजूचं दिसत नाही, हे मला मान्य आहे. बोर्डवाल्यांशी माझं वैर नाही. मास्तरांचा धाकटा भाऊ बोर्ड शिकवतो आणि त्याचं वळण बघत राहावंसं वाटतं. पण आम्ही आपल्या पाठीशी नव्हतो, साहेब. आम्ही आपल्या समोर होतो, खाली होतो. आपल्याला आम्ही पूर्ण उतारभर दिसत होतो. आम्हाला आपण दिसणं शक्य नव्हतं.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे स्कीवाल्यांसाठी आणि बोर्डवाल्यांसाठी १० नियम आहेत. पहिल्याच दिवशी, बूट चढवायच्या आधी, मास्तरांनी ते माझ्याकडून म्हणून घेतले होते. तिसरा असा की मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची की पुढच्याला धोका होणार नाही. पुढच्याने बाजूला व्हायचं नसतं. बाजूने जायचं असतं ते मागच्याने. तेव्हा "मावशी, बाजूला" ही आज्ञा, क्षमा करा, मला लागू नव्हती. नववा नियम अपघातात मदत करण्याचा. दहावा असा की अपघातात सापडलेल्या प्रत्येकाने, चूक कुणाचीही असो, आणि नुसतं पाहणाऱ्यानेही, आपलं नाव-पत्ता द्यायचा. स्लेज ओढणाऱ्या एका पोराने तो आपणहून दिला. सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्याला स्की येत नव्हती आणि दहा नियमांची नावंही ठाऊक नसावीत. पण तो धावत आला, मास्तरांच्या दोन्ही स्की वरच्या अंगाला नेऊन फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्याला कळावं की इथे माणूस पडला आहे. मग अंगातला फेरन काढून त्याने मास्तरांवर घातला आणि स्वतः स्वेटरवर उभा राहिला.

स्की पेट्रोलची, म्हणजे बचावपथकाची, माणसं आली. त्यांनी हात बांधला, मास्तरांना स्लेजवर घेतलं, खाली आणलं. तिथून गाडीने टंगमार्ग, टंगमार्गहून श्रीनगर. चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीत प्रत्येक वळणावर ते डोळे मिटत होते. गेली आठ वर्षं याच रस्त्यावरून ते पाहुणे वर नेतात. त्या दिवशी मी त्यांना खाली नेत होते.

आपण माझ्या ज्ञानात जी भर घातलीत तिच्याबद्दल आता लिहिते. गुलमर्गचा स्कीचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, हे मला प्रवासाच्या माहितीपत्रकातून कळलं होतं. त्याचा अर्थ मास्तरांच्या घरी कळला. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे थंडीचे ते ४० दिवस, हीच बर्फाची हक्काची वेळ. त्यात गुलमर्गची कुरणं पिवळी पडलेली होती. पर्यटक येत, रोपवेच्या गोंडोलातून उघडे डोंगर बघत आणि परत जात. मास्तर महिनाभर घरी बसून होते. जानेवारी सरता सरता बर्फ पडला. त्यांना काम लागलं. मी त्यांची त्या हंगामातली दुसरी शिष्या होते.

हासळी सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून आठ आठवडे मोजले की एप्रिल येतो. तेव्हा उतारावर गवत असतं. थोडक्यात, वर्षाची कमाई ज्या दीड महिन्यात उरली होती, तो दीड महिना आपण घेऊन गेलात. आपल्याला तो नको होता, हेही मला कळतं. पण नेलात.

त्यांच्या घरी मी दोनदा गेले. निखाऱ्यांची कांगडी पुढे सरकवून त्यांच्या पत्नीने कहवा दिला. मास्तर लहानपणी घरच्या फळ्यांना दोर बांधून उतारावर घसरायला शिकले. १९९८ मध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा सुरू झाला, त्याच्या आधी स्की खांद्यावर टाकून चढायचं आणि एकदाच उतरायचं, असा त्यांचा दिवस असे. "चढने में तीन घंटे, उतरने में दस मिनट," असं ते सांगत होते, आणि बोलता बोलता उजवा हात उंचावायला गेले नि थांबले.

मला त्यांनी पहिले दोन दिवस काय शिकवलं माहीत आहे? पडायला, उठायला आणि थांबायला. मी वैतागले होते. मला उतरायचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मध्येच शीळ घातली की मला जागच्या जागी थांबावं लागे, आणि दहापैकी दहा वेळा थांबले तेव्हाच त्यांनी मला लिफ्टला लावलं. बोर्डवरही थांबता येतं, साहेब. बोर्ड उताराला आडवा घालायचा आणि वरच्या अंगाची कड बर्फात दाबायची. त्यांच्या भावाने मला करून दाखवलं. अर्ध्या दिवसात येतं म्हणाला.

मी परतल्यावर, २२ फेब्रुवारीला, गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या अंगाला हिमकडा कोसळून एका रशियन स्कीअरचा जीव गेला. बातमी ऐकली आणि मला ती पेट्रोलची माणसं आठवली. त्यांचं काम ते आहे. आपल्यामागून आवराआवर करण्यात त्यांची एक अख्खी दुपार गेली होती.

एक विनवणी करते. आपल्या हेल्मेटवर कॅमेरा होता आणि तो चालू होता. त्याचा लाल दिवा मी पाहिला आहे. तो व्हिडिओ आपण कुणाला दाखवला नसेल. पण एकदा स्वतः बघा. आवाज बंद न करता, आपण ओरडता तिथपासून पुढे बघा. मास्तरांचा चेहरा त्यात समोरून दिसत असेल. ते आपल्याकडे बघत होते. ते घाबरले होते असं मला वाटत नाही. ते अंतर मोजत होते. मग आपल्याला सुचेल ते करा. आपल्याला दवाखान्याचं बिल कधी आलं नाही. त्यांना आलं आहे, आणि कोऱ्या हंगामात आलं आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. हात अजून झोळीत आहे. आपल्याबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं, आणि पुढच्या जानेवारीत या म्हणाले, वळण शिकायचं राहिलं आहे. मी जाणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपण जिला ‘मावशी’ म्हणालात,
ती

ता. क. आपला डाव्या हाताचा हातमोजा तिथे पडला होता. काळा, मनगटाशी नारिंगी पट्टी, आत बर्फ भरलेला. मी तो वाळवून ठेवला आहे. पाठवून देईन. पत्ता तेवढा कळवा.