जन्मजात हंगेरियन

एखाद्या देशाचं नागरिकत्व मागायला गेलं की ते मिळतं किंवा मिळत नाही. आमच्या व्याह्यांचा अर्ज त्या जातीचा नव्हता. ते काही मागतच नव्हते. मी जन्मापासून तुमचाच आहे की नाही, तेवढं दप्तरात बघून सांगा, एवढंच त्यांचं हंगेरी सरकारला म्हणणं.

व्याही न्यू जर्सीत जन्मले, तिथेच वाढले, निवृत्तही तिथेच झाले. वडील मात्र १९५६ चे. त्या ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये उठाव झाला, ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडायला घेतला आणि पुढच्या काही महिन्यांत सुमारे दोन लाख माणसांनी देश सोडला. बहुतेकांनी ऑस्ट्रियाची हद्द गाठली. अमेरिकेत आलेल्या हजारोंची पहिली सोय लागली ती कॅम्प किल्मर या लष्करी छावणीत. ती एडिसनच्या अंगणातच होती. आज त्याच एडिसनात आपली मंडळी मेथीच्या जुड्या निवडत उभी असतात.

हंगेरीचा कायदा रक्त बघतो, जन्मगाव नाही. वडिलांचं नागरिकत्व गेलं नसेल तर व्याही जन्मतःच हंगेरियन, त्यांची मुलगी म्हणजे आमची सूनही, आणि तिच्या पोटचा आमचा नातूही. थालीपिठावर लोण्याचा गोळा पडल्याशिवाय घास न घेणारा हा कार्टा हंगेरियन आहे, हे मला पचायला जरा वेळ लागला.

सगळी गोम त्या ‘गेलं नसेल तर’मध्ये. १८७९ च्या कायद्यानुसार दहा वर्षं सलग परदेशी राहिलं की नागरिकत्व आपसूक संपायचं, आणि ही अट १९२९ पर्यंत होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या खाणींत राबायला आलेल्यांच्या पतवंडांना ही वाट बहुधा बंद. त्यांच्यासाठी २०११ पासून दुसरी वाट आहे. पण तिच्यावर हंगेरियन बोलता यावं लागतं आणि शपथ घ्यावी लागते. व्याही त्यातून सुटले ते बरंच झालं. त्यांचं हंगेरियन जेवणापुरतं आणि रागावण्यापुरतं. त्यातही रागावण्याचा साठा मोठा.

अडलं ते आजीपाशी. हंगेरीत माणसाची ओळख पटवायला आईचं नाव लागतं, तेही माहेरचं. त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. व्याह्यांना वडिलांच्या आईचं नाव हवं होतं आणि घरात उरलं होतं तिचं एक जुनं पाकीट. त्यावर पाठवणारीचं नाव म्हणून नवऱ्याचं अख्खं नाव, आणि त्याला शेवटी दोन अक्षरांचं शेपूट: ‘ने’. म्हणजे अमक्याची बायको. तिचं स्वतःचं म्हणून एक अक्षर नाही. आमच्याकडे निदान तांदळात अंगठीने का होईना, एक नवं नाव तरी काढून देतात. समाजाने पुसायचं आणि सरकारने तेच विचारायचं, ही गंमत मला फार आवडली. अर्थात शोधणाऱ्याला गंमत वाटत नव्हती.

शेवटी ती विवाहनोंदीत सापडली. ही सरकारी दप्तरं तिथे १ ऑक्टोबर १८९५ पासूनची; त्याआधीचं बघायचं तर चर्चच्या किंवा इतर धर्मसंस्थांच्या वह्या. नक्कल आली तेव्हा व्याह्यांनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आडनाव आधी, मग नाव. त्यांना सगळंच उलटं वाटत होतं. मला तर शाळेचा हजेरीपट उघडल्यासारखं वाटलं. आजीच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते नाव तीनदा, तीन वेगवेगळ्या उच्चारांनी म्हणून पाहिलं. ‘‘लेकीला युरोपात कुठेही नोकरी करता येईल म्हणून करतोय हे,’’ असं ते सगळ्यांना सांगतात. सांगू देत.

पुढचा अंक विहीणबाईंचा. बाहेरदेशी झालेले जन्म आणि लग्नं हंगेरीच्या दप्तरात नव्याने नोंदवावी लागतात. चाळीस वर्षांचा संसार झाल्यावर आपलं लग्न बुडापेस्टमध्ये नोंदवायचं आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मग नाही म्हणायची संधी अजून आहे तर!’’ व्याह्यांनी मुकाट्याने सहीची जागा दाखवली.

दाखला आला तेव्हा मी पेढ्यांचं नाव काढलं. व्याही म्हणाले, ‘‘कशाचे? नवीन काय झालंय?’’ मुद्दा कायदेशीर होता. या वाटेवर शपथ नाही, समारंभ नाही. सरकार काही देतच नाही, तर माणसाने आनंद तरी कशाचा करायचा? त्यातून तो दाखलाही ठरावीक मुदतीपुरताच ग्राह्य. माणूस जन्मभराचा नागरिक, पण त्याचा पुरावा मुदतीचा. आमच्या हयातीच्या दाखल्याचं दुखणं त्यांना तेव्हा पहिल्यांदा समजलं.

पेढे मी तरीही केले. आता नातवाचा अर्ज भरायला घेतला आहे. त्यात आईच्या माहेरच्या नावाचा रकाना आहे. सुनेने आडनाव बदललंच नव्हतं, त्यामुळे तो एका झटक्यात भरला गेला. लग्नाच्या वेळी यावरून घरात थोडी कुरबूर झाली होती. कुणी केली होती, ते विहीणबाईंनी विचारलं नाही.