रामजन्म, १२ नून

आमच्या सोसायटीच्या फलकावर रामनवमीची सूचना लागली होती: ‘रामजन्म सोहळा दु. १२ नून शार्प. सुंठवडा मिळेल.’ सुंठवडा वाचून जीव भांड्यात पडला. निदान त्याचं ‘जिंजर पावडर’ झालं नव्हतं.

‘दु.’ लिहिलं, आकडा लिहिला, वर ‘नून’ कशाला? सचिव म्हणाले, “अहो काका, नाहीतर लोक रात्री बाराला येतील.” रामजन्माला रात्री? तो कृष्ण!

या नूनची गंमत अशी, की त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘नववा तास’ या अर्थाच्या शब्दात आहे. सूर्योदयापासून नववा, म्हणजे आपला दुपारचा तीनचा सुमार. पुढे युरोपात तो घसरत घसरत बारावर आला. आपली दुपार मात्र दोन प्रहरांची, जागच्या जागी. शिवाय तिच्यात ऊन आहे. भर दुपार, टळटळीत दुपार. टळटळीत नून म्हणून बघा, घसा कोरडा पडत नाही. सोवळ्यातला ‘मध्याह्न’ही आहे, पण त्यातला ‘ह’ आणि ‘न’ कुठे ठेवायचे हे शाळेतल्या भोजनाच्या पाटीलाही धड जमत नाही.

आणि ‘शार्प’? मुंबईत सूर्य माथ्यावर येतो साधारण साडेबारा उलटून गेल्यावर. त्या दिवशी गुरुजी बारा पस्तीसला आले, पाळणा हलला. सूर्यवंशी मुहूर्त अगदी बरोबर साधला म्हणायचा.