रोड बाइक नवी, चालक जुना : जोडणीच्या सूचना

ही पुस्तिका नवशिक्यांसाठी आहे. आपण नवशिके नाही, याची आम्हाला कल्पना आहे. आपण चौथीत असताना दांड्याखालून पाय घालून हाफ पॅडल मारलेलं आहे, कॉलेजला डबलसीट गेलेले आहात, आणि तेव्हाचं पुणं सायकलींचं होतं हे आपल्या घरात सर्वांना पाठ आहे. पुढे स्कूटर आली, मग गाडी आली, मग रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. आता हॉलमध्ये टीव्ही आणि शोकेस यांच्यामध्ये नऊ किलोंची एक वस्तू भिंतीला टेकून उभी आहे. तिला स्टँड नाही, कॅरियर नाही, मडगार्ड नाही, आणि किंमत विचारणाऱ्या प्रत्येकाला आपण वेगळा आकडा सांगितलेला आहे.

जुन्या काळ्या सायकलीला कुणी कधी 'फिटिंग' केलं नव्हतं, हा आपला मुद्दा मान्य. त्या सायकलीवर माणूस ताठ बसायचा, जवळजवळ सगळा भार सीटवर असायचा आणि सीटखाली दोन जाड स्प्रिंगा असायच्या. शिवाय चालक एकवीस वर्षांचा होता. त्याच्या शरीराची कुठलीही तक्रार सकाळपर्यंत आपोआप मिटायची. रोड बाइकवर भार तीन ठिकाणी वाटला जातो : बूड, तळहात आणि तळपाय. त्यातल्या एका जागेचं माप चुकलं की मान, कंबर आणि गुडघे यांना विनाकारण जादा काम लागतं, आणि या वयात ते युनियन करून बसलेले असतात.

साहित्य

• ॲलन कींचा संच. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या लागतातच.
• मोजपट्टी. शिवणकामाच्या डब्यातली चालेल, विचारून घेतलेली असावी.
• ओळंबा. दोऱ्याला जड नट बांधला तरी पुरे.
• पाणसळ, म्हणजे मिस्त्रीची लेव्हल.
• पुठ्ठा बांधणीचं जाड पुस्तक. वाचायचं नाही, त्यामुळे कुठलंही.
• पांढरी चिकटपट्टी, वही आणि पेन.
• मदतनीस एक. पत्नी असल्यास उत्तम. बिल दाखवण्याआधीच मदत मागावी.

पायरी १ : फ्रेम

भाचा बोस्टनला गेला आणि त्याची सायकल "पडूनच आहे, मामा, तुम्ही वापरा" म्हणून आपल्याकडे आली असेल, तर इथेच थांबा. भाचा पाच फूट अकरा इंच आहे. आपण पाच सहा, तेही लग्नाच्या बायोडेटातले. मणक्यांमधल्या चकत्या वयानुसार थोड्या बसतात, त्यामुळे उंची आज पुन्हा मोजा. फ्रेम एखाद्या मापाने लहान असेल तर बाकीची जुळवाजुळव करता येते. मोठी असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या केवळ मनोरंजनासाठी उरतात.

नवी घेणार असाल तर दुकानदार 'रेस' आणि 'एन्ड्युरन्स' अशा दोन जाती दाखवेल. दुसरीत हँडल तुलनेने उंच आणि जवळ असतं. आपली नजर पहिलीवर जाईल. दुसरी घ्या.

पायरी २ : सीटची उंची

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पुस्तकाची पाठ वरच्या बाजूला येईल असं ते मांड्यांमध्ये धरा आणि सीट टेकते तिथपर्यंत घट्ट वर ओढा. मदतनिसाने जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजावं. हसू आल्यास माप पुन्हा घ्यावं. पँटचा नंबर इथे उपयोगाचा नाही, कारण पँट कुठे नेसायची हे पोटाने केव्हाच ठरवून टाकलेलं आहे.

आलेल्या मापाला ०.८८३ ने गुणा. हा गुणक टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखला जातो. माप ८० सेंटिमीटर आलं, तर क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर ७०.६ सेंटिमीटर होतं. गणित नको असेल तर टाच पॅडलवर ठेवून उलटं पॅडल मारा. पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर आणला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक आपोआप राहतो.

या उंचीवर बसल्यावर आपले पाय जमिनीला टेकणार नाहीत. हा बिघाड नाही. अलका टॉकीजच्या चौकात सीटवर बसल्या बसल्या दोन्ही चवडे टेकून सिग्नलची वाट पाहण्याचे दिवस गेले. आता थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडा दोन पायांत घेऊन उभं राहायचं. भीती वाटते म्हणून पाच सेंटिमीटर सीट खाली घेतलीत, तर त्याची किंमत गुडघ्याची वाटी भरते. तडजोड म्हणून एक सेंटिमीटर खालून सुरुवात करा आणि दर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वर या. बूट पॅडलला अडकवणारी क्लीटची भानगड या काळात नको. सिग्नलला उभ्या उभ्या आडवं होण्याचा अनुभव जरा पुढे ढकलता येतो.

सीटपोस्टवर 'याच्या वर काढू नये' अशी खूण असते, ती पाळा. योग्य उंचीवर पांढरी चिकटपट्टी लावून ठेवा. पोस्ट कार्बनचा असेल तर बोल्टशेजारी छापलेल्या आकड्याइतकंच आवळा, बहुधा तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. "सेफ्टीसाठी अजून अर्धा फेरा" ही लोखंडी सायकलीची सवय कार्बनला तडा पाडते.

बेल्जियमचे एडी मर्क्स १९६९ मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर भीषण अपघातात सापडले, आणि त्यानंतर कंबर त्यांना स्वस्थ बसू देईना. ते भर शर्यतीत ॲलन की काढून चालत्या सायकलीवर सीट वरखाली करायचे. त्यानंतरही त्यांनी टूर आणखी चार वेळा जिंकली. सिंहगडाच्या चढावर हा प्रयोग करू नये.

पायरी ३ : सीट पुढे-मागे, आणि एक नाजूक विषय

सायकल भिंतीला टेकवून बसा. क्रँक आडवा करा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. दोरा पॅडलच्या आसावर यावा. सायकली घडवणाऱ्या कीथ बाँट्रेगर यांनी या नियमाला शास्त्रीय आधार नसल्याचं फार पूर्वी लिहून ठेवलं आहे. तरीही सुरुवात कुठून तरी करावी लागते आणि दोरा फुकट आहे.

हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढू नका. लांबीचा हिशेब पुढच्या पायरीत, हँडलकडेच करायचा आहे. सीट पाणसळीने सपाट ठेवा. टोक एखाद-दुसरा अंश खाली चालेल. त्याहून खाली केलंत तर आपण दिवसभर पुढे घसरत राहाल आणि तळहात आपल्याला मागे लोटत राहतील.

सीट टोचते म्हणून वर जेलचं जाड कव्हर चढवण्याचा मोह होईल. बसण्याचा भार खरा दोन हाडांवर पडायला हवा. गादी फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला भाग, जिथे दाब नको तिथेच, वर येऊन दाबतो. आपल्या हाडांचं अंतर कळण्यासाठी दगडी पायरीवर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर पुढे वाकून बसा. दोन खळगे पडतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा, त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवा आणि तेवढ्या रुंदीची सीट मागा. हा प्रयोग जिन्यात करणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरींची फिरायला जाण्याची वेळ टाळा.

आता नाजूक विषय. सायकलिंगच्या पॅडवाल्या चड्डीच्या आत काहीही घालायचं नसतं. शिवण घासू नये म्हणूनच ती तशी बनवलेली असते. मराठी मध्यमवर्गीय गृहस्थाला या पुस्तिकेतली सर्वांत अवघड सूचना हीच जाते, म्हणून ती पुन्हा देतो : काहीही नाही. लिफ्ट टाळून जिन्याने उतरल्यास वॉर्मअपही होतो.

पायरी ४ : हँडल

ज्या फोटोवरून आपण ही सायकल घेतलीत, त्यातल्या मुलाचं हँडल सीटपेक्षा वीतभर खाली होतं. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरून पाहा. हात जिथे थांबले, तिथून जमिनीपर्यंतचं अंतर तो मुलगा आणि आपण यांच्यातला फरक सांगतं. तूर्त हँडल सीटच्या उंचीला आणा.

स्टेमच्या, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणाऱ्या तुकड्याच्या, वर रिकाम्या चकत्या असतील तर त्या खाली घ्या. स्टेम उलटा बसवला तर १०० मिलिमीटरचा, ६ अंशांचा स्टेम हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर नेतो. तरी लांब वाटलं तर ८० किंवा ९० मिलिमीटरचा स्टेम लावा. उलट्या स्टेमची सायकल तरुण मंडळींना बघवत नाही. मान त्यांची दुखणार नाही, हे लक्षात ठेवा.

जोडताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरच्या टोपीचा स्क्रू हलका आवळा, मग चाक आणि हँडल एका रेषेत आणा, शेवटी स्टेमचे बाजूचे बोल्ट. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खडखड आली तर टोपी सैल आहे; हँडल वळायला जड गेलं तर जास्त आवळली आहे.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांसाठी स्वतंत्र सूचना. वाकून बसल्यावर लांबचं पाहताना नजर चष्म्याच्या वरच्या काठावरून बाहेर जाते, आणि चाकापुढचा रस्ता वाचायच्या भिंगातून दिसतो. खड्डा त्यामुळे धूसर असतो आणि स्पष्ट होतो तेव्हा आपण त्यात असतो. हँडल उंच घेतल्याने निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा फक्त लांबच्या नंबरच्या वेगळ्या चष्म्याने.

पायरी ५ : पोट, गिअर, हवा

पॅडल वर येताना मांडी पोटावर आपटत असेल, तर दोन उपाय आहेत. एकाला वर्ष लागतं. दुसरा म्हणजे १७२.५ ऐवजी १६५ मिलिमीटरचा क्रँक. आखडलेल्या खुब्यांनाही तो मानवतो. क्रँक जितका लहान केलात तितकी सीट वर घ्यायला विसरू नका.

पुढे ३४ दातांचं चक्र आणि मागे ३४ दातांचं, असा गिअर मागून घ्या. त्यात पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे मारा. दात-ओठ खाऊन जड गिअर रेटण्याला आपल्या वेळी मर्दुमकी म्हणत. आता त्याला फिजिओथेरपी म्हणतात, कारण ती लगेच पाठोपाठ येते.

अंगठ्याने दाबून "दगड झाला पाहिजे" ही हवेची जुनी कसोटी विसरा. टायरवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो. फ्रेममध्ये मावत असतील तर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर घ्या आणि हवा त्या मर्यादेच्या बरीच खाली ठेवा. आपले रस्ते आणि आपले मणके, दोघांचाही विचार त्यात होतो.

पायरी ६ : चाचणी

एका वेळी एकच बदल करा आणि तो मिलिमीटरमध्ये वहीत लिहा. काल रात्री तीन गोष्टी बदलून आज सकाळी बरं वाटलं, तर श्रेय कुणाला द्यायचं हे कळत नाही, आणि सायकलवाल्यांच्या गटात श्रेयावरून बरंच बोलणं होतं. पहिले काही दिवस खडकवासल्यापर्यंत जा. सिंहगड तिथेच आहे.

दोषनिवारण

• गुडघा पुढून दुखतो : सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे.
• गुडघा मागून दुखतो : सीट वर आहे.
• मागून येणाऱ्याला आपली कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसते : सीट वर आहे. त्याने हे मोठ्याने सांगितलं असल्यास गट बदला.
• करंगळीला मुंग्या येतात : तळहाताच्या कडेची नस दबते आहे. कोपर वाकवा, हातांची जागा बदलत राहा, हँडल वर घ्या.
• मान आखडते : पायरी ४ आपण वाचली, केली नाही.
• छातीत दुखतं : ॲलन की ठेवा, डॉक्टरांकडे जा. पुन्हा सुरू करण्याआधी एकदा गेला असतात तर अधिक बरं.
• एक मुलगी "काका, राइटने येतेय" म्हणत पुढे निघून गेली : जोडणीत दोष नाही.

हमी

वरील सर्व सूचना पाळूनही आपण एकवीस वर्षांचे होणार नाही. फ्रान्सचे रोबेर मार्शाँ सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा सायकलीकडे वळले. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, त्यांनी तासाभरात २६.९२७ किलोमीटर काटले. जानेवारी २०१७ मध्ये, १०५ व्या वर्षी, २२.५४७. तीन वर्षांत चार किलोमीटर घटले, तरी तो विक्रमच होता, कारण मोजताना वयाचा गट आजचा धरला होता. आपल्या मापांनाही हाच नियम लावा.

मात्र उतरल्यावर मार्शाँ यांनी तक्रार केली की शेवटची दहा मिनिटं उरल्याची पाटी आपल्याला दिसलीच नाही, नाहीतर आणखी जोरात गेलो असतो. तेव्हा सीट, हँडल, स्टेम सगळं जुळलं की शेवटी एक सबबही जुळवून ठेवा. वाऱ्याची चालते. खडकवासल्याला जाताना तो समोरून असतो, येतानाही.