तारकर्लीची वसुली

समुद्रकाठच्या सहलीत शेवटच्या दिवशी समुद्र कुणालाच दिसत नाही. दिसतं ते राहून गेलेलं. आल्या दिवसापासून ‘बघू उद्या’ म्हणून ढकललेलं सगळं त्या एका दिवसावर येऊन कोसळतं. मार्चअखेरीला कचेऱ्यांतून निधी संपवायची जशी धावपळ सुरू होते, तशी आमच्या घरात पैसे वसूल करायची सुरू होते. तोवर ज्यांनी माडाला बांधलेल्या झोपाळ्यातून चहाच्या कपापुरताच हात बाहेर काढला होता, ते पुरुष त्या दिवशी पहाटे पाचला उठून ‘चला, चला’ करतात.

आम्ही दोन भावांची बिऱ्हाडं आणि सासू-सासरे असा लवाजमा घेऊन मे महिन्यात ठाण्याहून तारकर्लीला गेलो होतो. राहायला माडांच्या बागेतल्या एका काकींचं घर होतं. पडवी, विहीर आणि फाटकातून बाहेर पडलं की वाळू. या सुखात सिंधुदुर्ग किल्ला राहिला, मालवणचा बाजार राहिला, डॉल्फिन राहिले. माझा नवरा स्कूबाची नुसती चौकशीच करत राहिला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाला त्याने दर विचारला, खोली विचारली, ‘कानाला त्रास होतो का’ तेही विचारलं आणि दर वेळी समाधानाने परत आला.

पण खरी घालमेल शेवटच्या जेवणाची होती. अण्णा, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांचे दोन्ही चिरंजीव यांनी ते जेवण आदल्या दिवसापासून आखून ठेवलं होतं. बांगड्याचं तिखलं, सुरमईची तळलेली तुकडी, तिसऱ्यांचं सुकं आणि वर सोलकढी. काकी बाकी सगळं ऐकत होत्या, पण माशांचं नाव निघालं की विळीवरून मान वर करत नव्हत्या. शेवटी रात्री भांडी आवरता आवरता त्यांनी निकाल दिला.

“उद्या संकष्टी आसा. माझ्या चुलीर उद्या मासे चढाचे नाय.”

पडवीत शांतता पसरली. नवऱ्याने सहल ठरवताना गाडीचं आरक्षण बघितलं होतं, शाळेचा निकाल बघितला होता, पावसाचा अंदाज बघितला होता. तिथी मात्र बघितली नव्हती. सासूबाईंना ती अर्थातच पहिल्यापासून ठाऊक होती. “मला कुणी विचारलं का?” एवढंच त्या म्हणाल्या आणि काकींबरोबर मोदकांसाठी नारळ खोवायला बसल्या. दोघींचं त्या नारळावर असं काही जमलं की अण्णांनी अपिलाचा विचारच सोडून दिला.

तिथीचा एक फायदा मात्र झाला. अण्णांना भरतीचं गणित मांडायला मिळालं. कोकणात हे गणित पोरंसोरंही तोंडी करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनलाही. ओहोटी त्याच्या अलीकडे-पलीकडे सहा तासांवर, सकाळी नवाच्या सुमाराला. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून हा पाढा चालतो, असं सगळं अण्णांनी आम्हाला वाळूत काठीने आकडे काढून समजावलं. आमची लेक ऐकायला थांबलीच नाही. शेवटचं डुंबायचं म्हणून फुगा, बादली आणि चष्मा घेऊन ती पाण्याकडे धावली आणि अर्ध्या वाटेवर थबकली. पाणी पार लांब गेलेलं. परत येऊन तिने विचारलं, “आज समुद्र बंद आहे का?”

समुद्र बंद असला तरी रापण चालू होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी अर्धवर्तुळात फिरून ते पाण्यात सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढत ओढत एकमेकींजवळ सरकतात. बघायला फार देखणं. आमच्या दोन भावांना मात्र त्यात केवळ सौंदर्य दिसलं नाही, मासे दिसले. ठाण्याच्या घरात गॅसचा सिलिंडर सरकवताना ज्यांच्या कमरेत उसण भरते, ते दोघं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून दोराला लागले.

“ओढा मरे, जोर करा!” मागचा म्हातारा रापणकर ओरडला.

दोघांनी जोर केला. दोर ओला, खारट आणि मनगटाएवढा जाड. पहिल्या काही पावलांत नवऱ्याने माझ्याकडे बघून फोटो काढायची खूण केली. नंतर खुणा थांबल्या. त्यानंतर चेहराही दिसेना, कारण मान खाली गेली. भाऊजी दोर ओढत आहेत की दोराला धरून उभे आहेत हे लांबून कळत नव्हतं. म्हाताऱ्याला जवळून कळलं असावं, कारण त्याने त्यांना हळूच बाजूला करून तिथे एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उभं केलं. दोराने पुन्हा वेग घेतला.

जाळं वर आलं तेव्हा सगळ्यात पुढे अण्णा होते. हात लावला नव्हता, पण देखरेख त्यांचीच होती. आत चंदेरी फडफड. तारली, पेडवे, बांगडे, एक-दोन खेकडे आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल. रापणकर भले लोक. ओढू लागल्याची बूज राखून त्यांनी वाटा दिला, पाच बांगडे आणि ओंजळभर पेडवे. घ्यायला भांडं नव्हतं, म्हणून ते लेकीच्या पिवळ्या वाळूच्या बादलीत पडले.

वर्षानुवर्षं बाजारातून मासे आणणाऱ्या या घरात पहिल्यांदाच कुणीतरी घामाचे मासे मिळवले होते, आणि तेही नेमके ज्या दिवशी ते शिजवायला चूल नाही त्या दिवशी! मिरवणूक फाटकाशी आली. काकींनी पायरीवरूनच हात जोडले. फ्रीजमध्ये ठेवू का, असं विचारल्यावर तर त्यांनी फ्रीजच्या दाराला पाठ लावली. सासूबाईंनी बादलीत डोकावून “छान आहेत हो” असं म्हटलं. ते म्हणणं अण्णांना जास्त लागलं.

“शेजारी कुणाला तरी देऊन येतो,” अण्णा म्हणाले आणि बादली फणसाखाली सावलीत गेली.

मग सामान बांधणं. याबद्दल थोडं सविस्तर लिहिलंच पाहिजे. कोकणातल्या मे महिन्यात कपडा एकदा समुद्रात भिजला की तो पुन्हा कधीही पूर्ण वाळत नाही. दोरीवर दिवसभर ऊन खाऊनही त्याला एक चिकट ओलसरपणा राहतो, आणि तुम्ही तो घडी करून बॅगेत घातलात की बॅगेतल्या कोरड्या कपड्यांनाही तो आपल्यासारखं करून घेतो. वाळूचं तर विचारूच नका. टॉवेल झटकले, पोरं झटकली, चपला आपटल्या, तरी माझ्या चष्म्याच्या डबीत वाळू निघाली, जी डबी मी किनाऱ्यावर नेलीच नव्हती. जाऊबाईंची पद्धत वेगळी. त्या काही झटकत नाहीत. सगळं कोंबतात, बॅगेवर बसतात आणि नवऱ्याला चेन ओढायला लावतात. त्या दिवशी भाऊजींच्या दोन्ही तळहातांना रापणीने फोड आणले होते, त्यामुळे चेन मी ओढली.

इतक्यात पुतण्याने गोळा केलेल्या शंखांच्या पिशवीतून एक शंख बाहेर पडून पलंगाखाली चालू लागला. जाऊबाई बॅगेवरच उभ्या राहिल्या. शंखातल्या त्या खेकड्याला परत किनाऱ्यावर सोडायला सगळी पोरं वाजतगाजत गेली आणि जाताना धुतलेले, पुसलेले, रेल्वेसाठी सजवलेले पाय पुन्हा वाळूत बुडवून आली.

काकींनी मोदकांचा डबा बांधून दिला. उपास करणारीला वरीचे तांदूळ, आणि बाकीच्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुयरीची भाजी, सोलकढी असं जेवायला वाढलं. जेवण इतकं सुरेख होतं की अण्णांनीही दोनदा सांबारं मागून घेतलं, पण चेहऱ्यावर दुखवटा कायम ठेवून.

मालवणच्या बाजारात त्याच दुखवट्याने पैसे खर्चले. आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, तिरफळं, मसाला आणि खाजं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवतात ते मालवणी खाजं. वरची गुळाची खरखरीत साय दाताखाली फुटली की माणूस किलोच्या भाषेत बोलायला लागतो. ठाण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी हेच सगळं विकणारं दुकान आहे. त्या दुकानाच्या पायरीवर आमच्यापैकी कुणी पावसात आडोशापुरतंही थांबलेलं नाही. पण मालवणात घेतलं म्हणजे ते ‘तिकडचं’ असतं.

किल्ल्याची होडी धक्क्यावरून सुटायच्या वेळी अण्णांचे गुडघे दुखू लागले. ज्यांनी सगळ्या मुक्कामात आम्हाला किल्ल्यावर व्याख्यानं दिली होती, त्यांचे! “मी लहानपणी पाहिलाय. मुंबईहून बोटीने यायचो आम्ही तेव्हा. किल्ला काही हललेला नाही,” ते म्हणाले. त्यांच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं म्हणून नवरा थांबला. नवऱ्याजवळ का थांबायला हवं हे न सांगता भाऊजीही थांबले. मासे शेजाऱ्यांना देऊन झाल्यावर तरी पिवळी बादली नवऱ्याच्या हातात का, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. तेवढ्यात होडी हलली.

१६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं, ते तीनेक वर्षं चाललं. समुद्राच्या पोटात असूनही आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तटात जपलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे आहेत आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. सगळ्यात मजेचा तो दरवाजा. बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की होडी अगदी पुढ्यात जाईपर्यंत आहे हे कळत नाही. सासूबाई तो दरवाजा बराच वेळ न्याहाळत होत्या. “लपवायचं तर असं लपवावं,” त्या म्हणाल्या. होडीवाल्याने परत यायला तासाभराची मुदत दिली होती. त्यातला बराचसा वेळ पोरांनी लिंबू सरबतात घालवला.

परत आलो तेव्हा धक्क्यावर तिघं ओळीने बसले होते. तिघांचेही हात नुकतेच धुतलेले, तिघांनाही लिंबाचा वास, आणि मांडीवर रिकामी पिवळी बादली. अण्णांचे गुडघे ठणठणीत झाले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

कुडाळला तुतारी एक्सप्रेस पकडली. केशवसुतांच्या कवितेवरून २०१७ साली या गाडीचं नाव ठेवलं गेलं, हे अण्णांनी फलाटावर नग मोजता मोजता सांगितलं. नगांत ते आंब्याची पेटी, पाण्याची बाटली आणि नातवंडं सगळं एकत्र मोजतात, त्यामुळे दर वेळी वेगळा आकडा येतो आणि दर वेळी गाडी आली की मोजणी रद्द होते. डब्यात बसल्यावर बादलीचा प्रश्न उभा राहिला. ती खिडकीशी ठेवली तर समोरच्या प्रवाशाने नाक मुरडलं, बर्थखाली ढकलली तर सगळं सामान तिच्यासारखं वास मारू लागलं, आणि टाकून द्यायची म्हटलं तर लेकीने गळा काढला.

चंद्रोदय दहाच्या पुढे होता. रत्नागिरी गेलं तशी सासूबाई उजवीकडच्या खिडकीशी सरसावल्या. मोदकांचा डबा मांडीवर, मुठीत अक्षता. शेजारच्या कप्प्यातल्या दोन उपासकरी बायकाही येऊन मिळाल्या. डोंगराच्या कडेशी उजेड आला, “आला, आला” झालं, आणि गाडी बोगद्यात शिरली. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. खिडकीबाहेर नुसता काळोख आणि धडधड. तिन्ही उपासकरणी अक्षता मुठीत धरून काळोखाकडे बघत बसल्या. अण्णा बोगद्याची लांबी सांगायला लागले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं. ते थांबले. बाहेर आलो तर पुढ्यात डोंगर. डोंगर सरला तर पुढचा बोगदा. या मार्गावर नव्वदीच्या वर बोगदे आहेत आणि त्यातले निम्मे त्या रात्री आमच्या उपासाला लागून आले असावेत. अखेर एका उघड्या खाचरावर चंद्र सापडला. सासूबाईंनी अक्षता फेकल्या, त्या वाऱ्याने उलट फिरून मागच्या खिडकीतल्या झोपलेल्या गृहस्थांवर पडल्या. त्यांना अंतर्पाटाशी उभं राहिल्यासारखं वाटलं असेल.

डबा उघडला. शेजारणींना मोदक, जाऊबाईंना, मला, पोरांना. अण्णांचा हात पुढे आला.

“तुम्ही तिघं थांबा जरा,” सासूबाई म्हणाल्या. “बांगडा आणि मोदक एका पोटात एका दिवशी कसे घालायचे?”

“कसले बांगडे?” अण्णांनी चष्मा पुसत विचारलं.

वरच्या बर्थवरून लेकीचं डोकं खाली लोंबलं. “पेडवे पण होते, आजी.”

अण्णांना मोदक मिळाला. चिपळूण गेल्यावर.