दोन्ही पाय टेकतील अशी

नवशिक्याने पहिली मोटरसायकल कोणती घ्यावी, असा प्रश्न नाशिकच्या रविवार कारंजावर चहा पिता पिता सहज टाकून पाहावा. उत्तरांना तोटा नाही. फक्त उत्तर देणारा प्रत्येक जण थोड्या वेळाने मोटरसायकलीबद्दल बोलायचं थांबतो आणि स्वतःच्या विशीबद्दल बोलू लागतो. कुणी राजदूतची शपथ घेतो, कुणाला यामाहा आरएक्स १०० चा आवाज अजून कानात ऐकू येतो, तर कुणी येझदीवरून सप्तशृंगगडाच्या पायथ्यापर्यंत कसे गेलो होतो ते सांगताना चहा निववतो. या मंडळींच्या लेखी सुरक्षित गाडी म्हणजे ते स्वतः जिच्यावरून धडधाकट परत आले, ती. जिच्यावरून मित्र पडला, ती धोक्याची. या शास्त्राला तोड नाही आणि त्याचा उपयोगही नाही.

आमच्या घरात हा प्रश्न भाचीमुळे आला. ती अठरा वर्षांची झाली आणि स्कूटर नको, गिअरची गाडीच हवी म्हणाली. कायदा तसा उदार आहे. सोळाव्या वर्षीही लायसन्स मिळतं, पण बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आणि तेवढ्या लहान इंजिनाची पेट्रोलवरची गाडी आता कुठल्या शोरूममध्ये दिसत नाही. म्हणजे परवानगी आहे, गाडी नाही. दोन वर्षं हा विनोद सहन केल्यावर भाचीचा धीर सुटला असेल, तर तिला दोष कसा द्यायचा?

घरच्या सभेत शेवटचा शब्द माझ्या काकांचा असतो. काका ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समधून निवृत्त झाले. १९६४ साली मिग विमानांसाठी उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात, ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकणाऱ्या मिग-२१ चे भाग तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. दिवसभर हे काम करून कंपनीच्या बसमधून उतरायचे आणि स्टॉपवरून घरी यायचे ते लूनावर. लूना म्हणजे १९७२ साली आलेलं, ५० सीसीचं, पेडल असलेलं एक नम्र यंत्र. तिच्यावर बसलेले काका मागून पाहिले, की गाडी त्यांना नेते आहे की ते गाडीला सोबत करताहेत, ते कळत नसे. वेगाची सगळी हौस ओझरच्या हँगरमध्ये फिटत असावी. घरी येताना त्यांना फक्त घरी यायचं असे.

भाचीच्या मनात बुलेट होती. कॅटलॉगमधल्या मोटरसायकली कायम कुठल्यातरी घाटाच्या वळणावर झुकलेल्या असतात, जणू सरळ रस्ता नावाची गोष्ट कारखान्याच्या कानावर गेलेलीच नाही. प्रत्यक्षात त्यातली प्रत्येक गाडी संध्याकाळी सात वाजता कॉलेज रोडवर, रिक्षा आणि पाणीपुरीची गाडी यांच्यामध्ये, एक पाय जमिनीवर टेकून उभी असते. नवशिक्याचं खरं आयुष्य त्या टेकलेल्या पायात आहे. वेगात मोटरसायकल स्वतःला बरीचशी सावरते. पडतो तो माणूस बहुधा मुंगीच्या चालीने, यू-टर्न घेताना, चढावर थांबताना, खडीवर पाय सरकून. म्हणून शोरूममध्ये इंजिन किती सीसीचं ते विचारण्याआधी सीटवर बसावं आणि दोन्ही तळवे जमिनीला सपाट लागतात का ते पाहावं. भाची जेमतेम पाच फूट. बुलेटची सीट ८०५ मिलिमीटर उंचीवर आणि वजन १९५ किलोच्या आसपास. तिच्यावर बसल्यावर भाचीच्या पायांची बोटं बॅले नर्तकीसारखी जमीन शोधू लागली. सेल्समन मात्र ‘मॅडम, मस्त दिसताय’ म्हणाला आणि मायलेज किती ते मला सांगू लागला. गाडी बाईने चालवायची, हिशेब पुरुषाने ऐकायचा, अशी तिथली वाटणी असावी.

मग आला ब्रेकचा विषय. बहिणीने मुलीला दोनच वाक्यांत वाहनशास्त्र शिकवलं होतं: हळू चालव, आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील. ब्रेक लागताच गाडीचा बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचं खरं काम पुढचा ब्रेकच करतो. त्याची गत घरातल्या थोरल्या सुनेसारखी आहे: राबायचं सगळ्यांत जास्त, आणि नावं ठेवायची ती आधी तिलाच. भीती अगदीच निराधार नाही. पहिल्या पावसात, किंवा पिंपळगावकडे निघालेल्या ट्रॅक्टरमधून कांद्याची पात सांडलेल्या रस्त्यावर, घाबरून ब्रेक आवळला की चाक जागीच अडकतं आणि घसरतं. यावर तोड म्हणून एबीएस आलं. चाक अडकू लागलं की ते ब्रेक क्षणभर सैल सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं, सेकंदात कितीतरी वेळा. इतकं धरणं आणि सोडणं भल्याभल्या संसारी माणसांना जमत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं; त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक जोडून देणं पुरे मानलं गेलं. म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. तमाम आयांचं मन न मोडता सरकारने काम साधलं, असं मला ते वाचून वाटलं होतं.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र असं परस्पर साधलं नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून नाशिकच्या पोलिसांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा नियम आणला. त्या दिवसांत पंपांवर एकमेकांना हेल्मेट उसनं देण्याची मोठी बंधुभावाची प्रथा पडली. पेट्रोल भरेपर्यंत डोकं सुरक्षित, पुढे देव आहेच. आयएसआयचा शिक्का असलेलं हेल्मेट भाचीने मात्र गाडी ठरायच्या आधीच आणलं होतं आणि ते घालून ती घरात वावरत होती. जेवताना काढत असे.

शेवटी तिने घेतली स्प्लेंडर. १९९४ साली पहिल्यांदा आलेली, म्हणजे या घराण्यातली गाडी तिच्याहून वयाने बरीच मोठी. ९७.२ सीसी, ७८५ मिलिमीटरची सीट, ११२ किलो. मैत्रिणी ‘दूधवाल्याची गाडी’ म्हणून हसल्या. पण दूधवाल्याहून पक्का परीक्षक कोण? अंधारात निघायचं, दोन्ही बाजूंना कॅन, दर दहा घरांना थांबा, आणि पडलं तर नुसती गाडी नाही, सगळा दिवस सांडतो. शिवाय पहिली गाडी एकदातरी आडवी होणारच. तेव्हा इंडिकेटर तुटून चारशे रुपयांत भागावं, चार हजारांत नाही, हा विचारही भाचीनेच केला. आठाच्या आकड्याचा सराव मोकळ्या मैदानावर झाला आणि पेठ रोडच्या आरटीओत ती पास झाली.

गाडी दारात आली तेव्हा काका बाहेर आले. चष्मा वर सरकवून त्यांनी चाकाचे नट पाहिले, चेन बोटाने दाबून तिचा ढिलेपणा पाहिला, आणि मग एका बाजूने वाकून, दुसऱ्या बाजूने वाकून काहीतरी शोधत राहिले.

“पेडल नाही हिला?”

“नाही हो, आजोबा.”

“मग पेट्रोल संपलं तर घरी कशी येशील?”

“ढकलत आणीन.”

काकांनी गाडी स्टँडवरून काढली, हँडल धरून फाटकापर्यंत ढकलत नेली, तशीच मागे आणली. जरासा दम लागला होता.

“आण ते दुसरं हेल्मेट,” ते म्हणाले, “सोमेश्वरपर्यंत जाऊन येऊ. पेट्रोल आधी भर.”